अंजू, रेडिओ मोठा कर

मला आयुष्यात एकदाच कुणीतरी प्रमुख केलं, आणि त्या काळात माझ्या वेण्या एक की दोन हेसुद्धा आई ठरवत होती. कॉलेजात सायन्स घ्यायचं की कॉमर्स, हे बाबांनी आणि त्यांच्या ऑफिसातल्या एका अनुभवी गृहस्थांनी डबा खाताखाता ठरवून टाकलं होतं. असल्या मुलीला एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, की ठाणे-डोंबिवलीतल्या तरुण मुलामुलींच्या तब्येतीची पाहणी करायची आहे आणि ती तुम्ही करायची आहे. मदत करा असं नाही, करा. बाईंचं नाव भारतीताई. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चहा नेहमी बशीत ओतून प्यायची सवय. त्यांची छोटीशी संस्था होती माजिवड्याला, हमरस्त्यापासून जरा आत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या माणसांनी विचारलं की तरुण मुलं साळसूद चेहरा करून खोटं बोलतात. तेव्हा प्रश्न काढायचे तरुणांनी, विचारायचे तरुणांनी, आणि उत्तरांचा अर्थ लावायचा तोही त्यांनीच. आता असल्या कामाच्या मोठमोठ्या परिषदा भरतात म्हणे. तेव्हा आम्ही डझनभर मुलं त्या माडीवर सतरंजी टाकून बसायचो, खालून गिरणीची घरघर, आणि केसांत, कागदांवर, चहातसुद्धा पीठ.

पहिले काही आठवडे आम्ही नुसते वाट बघत होतो. कसली, तर बाई कधी एकदा खरे प्रश्न सांगतात त्याची. आम्ही गाईडवर वाढलेली मुलं. प्रश्नाच्या खाली उत्तर असतं आणि ते कुणीतरी आधीच छापलेलं असतं, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक. बाईंना काही विचारलं की त्या म्हणायच्या, "मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?" एवढी शिकलेली बाई 'माहीत नाही' म्हणते आणि वर आपल्यालाच विचारते, हे आम्हाला फार धोक्याचं वाटे. डोंबिवलीचा गिरीश, ज्याच्याकडे कशावरही मत तयार असे, तो मला म्हणालेला, "अंजू, ही परीक्षा आहे गं. आपण काय बोलतो ते ती लिहून घेते आणि मग प्रिन्सिपॉलला देते." तसं काही नव्हतं, पण माझा निम्मा विश्वास बसला होता. शेवटी गिरीशनेच पहिला प्रश्न काढला: तुम्ही सिगारेट ओढता का? तेव्हा खाडीकाठच्या कोळशेत कोळीवाड्यातली रंजना फटकन म्हणाली, "तू ओढतोस? पहिला तू सांग." गिरीश कानापर्यंत लाल झाला. त्यावरून आमचा नियम पडला, की जो प्रश्न काढेल त्याने त्याचं उत्तर आधी सगळ्यांसमोर द्यायचं. त्या नियमाने आमचे निम्मे प्रश्न जागच्या जागी मेले.

दुसरे नियम माझे. स्वतःच्या घरात स्वतः विचारायचं नाही, म्हणून डोंबिवलीच्या मुलांनी कोळशेतला जायचं आणि कोळशेतच्यांनी डोंबिवलीला यायचं. आणि ऐकलेलं कुणाच्या घरच्यांना सांगायचं नाही, काही झालं तरी नाही. हे मी एवढ्या ठामपणे कसं बोलले कुणास ठाऊक, पण बोलले, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मला प्रमुख केलं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून केलं असंही रंजना पुढे म्हणाली. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रातून वर न बघता विचारलं, "प्रमुख म्हणजे नक्की काय करायचं असतं?" आई म्हणाली, "उन्हातून हिंडायचं असेल, दुसरं काय."

आमच्या घराविषयी इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या, पुढे गॅलरी, सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि नळाचं पाणी यांची शर्यत. माझी थोरली बहीण शुभाताई बी.कॉम. होऊन घरी होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. शुभाताईला फिट यायच्या. हा शब्द आमच्या घरात कुणीही कधीही उच्चारला नाही. "शुभाला जरा बरं नाही," असं म्हणायचं, किंवा नुसतंच "ते". ते झालं की आई आधी दार लावायची, मग माझ्याकडे वळून म्हणायची, "अंजू, रेडिओ मोठा कर." मी रेडिओ मोठा करायची. मग आई कांदा फोडून ताईच्या नाकाशी धरायची. आता मला माहीत आहे, की कांद्याने काही होत नाही, माणसाला कुशीवर वळवावं आणि शांत बसावं. तेव्हा ताईच्या गोळ्या चालू होत्या, पण ऐन वेळी फळीवरून कांदा काढणं आणि रेडिओची कळ पिरगाळणं हाच आमच्याकडचा उपचार होता. शेजारच्या बर्वेकाकू आईला म्हणायच्या, "तुमच्याकडे गाण्याची भारी आवड हो सगळ्यांना." आई हसून "हो ना" म्हणायची. खरं तर आमच्या घरात गाण्याचा कान कुणालाच नव्हता. अजूनही कुठे एकदम रेडिओ मोठा झाला की मी हातातलं टाकून कोण पडलं ते बघायला उठते, आणि मग उभी राहून विचार करते की आपण का उठलो.

कोळशेतला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद होते. गावात खाडीचा वास, त्यात पलीकडच्या कारखान्याचा एक आंबूस वास मिसळलेला, आणि अंगणाअंगणात सुकत घातलेली मासळी. रंजनाने मला तिच्या चुलत बहिणींसमोर नेऊन बसवलं. मी वाचायला लागले, "गेल्या महिन्यात तुम्हाला अशक्तपणा, चक्कर अथवा..." मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि 'नाय', 'नाय' करत राहिल्या. कुणालाच काही होत नव्हतं. एवढं निरोगी गाव मी पाहिलं नव्हतं. रंजनाने थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या हातातून पुठ्ठा काढून घेतला.

"काय गो, कागद वाचायला आलीस का बोलायला?" ती म्हणाली. "हात रिकामा असला का आमच्यात तोंड उघडत नाय. ही करंदी सोल पहिली."

आणि तिने बारीक कोलंबीची पाटी माझ्यापुढे सरकवली. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मी डोळे मिटून पहिली कोलंबी उचलली, ती हातातून निसटून माझ्या ओढणीत गेली, आणि सगळ्या मुली लोटपोट हसल्या. मग त्यांच्यातल्या एकीने डोकं कुठे धरायचं आणि साल कुठून ओढायचं ते दाखवलं. हात चालू झाले तशा त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, पाटीकडे बघत. कुणाला पाळीच्या वेळी चिखलात उभं राहून पोटात कळा येत होत्या, कुणाला रात्री दम लागत होता, आणि एकीला लग्नच नको होतं, ते आजारात धरायचं की नाही हे मला कळेना. कागद माझ्यापाशी नव्हता आणि हात असले बरबटलेले, की असता तरी उपयोग नव्हता. घरी आल्यावर आईने मला बाथरूममधून बाहेरच येऊ दिलं नाही. दारातून लिंबाच्या फोडी आत टाकत राहिली.

मग रंजनाची डोंबिवलीची पाळी आली, आणि आमच्या इमारतीतल्या वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुली तिच्या वाट्याला आल्या. पुष्कळ होत्या तशा. दर मजल्यावर कुणी ना कुणी लग्नाची होतीच. नियम माझाच, त्यामुळे ती आमच्याकडे आली तेव्हा मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. जाता जाता एवढं ऐकलं, की आई तिला विचारत होती, "हात धुतलेस ना गं?" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हात धुतलेस ना?" रंजना म्हणाली, "धुतले गो काकू, दोनदा धुतले. मावरं आज घरीच ठेवलंय." मासळीचा हा टोमणा कळून आई ओशाळली असावी, कारण तिने लगेच पोहे टाकले. मी नंतर खाली आले तेव्हा गॅलरीत मटाराच्या सालांचा ढीग पडला होता. रंजनाने काहीतरी काम द्या म्हणून मटार मागून घेतले होते आणि ती आणि शुभाताई समोरासमोर बसून सोलत होत्या. ताईचे डोळे लाल होते. मी विचारलं, "काय विचारलं तिने?" ताई म्हणाली, "तुमचा नियम तुम्हाला माहीत." त्या रात्री मटारची उसळ झाली आणि बाबा म्हणाले, आज मटार छान निवडलेत, एकही किडका नाही.

पुढच्या बैठकीत माडीवर मी पुढे बसले होते, प्रमुख म्हणून. एकेकाने आपल्याला काय ऐकायला मिळालं ते नाव न घेता सांगायचं, अशी पद्धत होती. रंजनाची पाळी आली. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ती सांगत होती, की एक मुलगी आहे, शिकलेली, लग्नाची. तिला फिट येतात. लहानपणापासून गोळ्या आहेत, पण त्या गोळ्यांनी हिरड्या सुजतात, हसली की दिसतात. आता तिला बघायला येणार आहेत. तेवढ्यात वीज गेली. गिरणी बंद पडली आणि रंजनाचा चढलेला आवाज त्या शांततेत मोठ्याने पडला, "...म्हणून तिनं गोल्या बंद केल्यात. घरी कुनाला माहीत नाय. रोज मोरीत टाकते."

मी समोरच्या भिंतीवरच्या पिठाकडे बघत राहिले. हिरड्या. माझ्या ताईचे फोटो काढताना आई म्हणायची, "शुभा, तोंड मिटून हस." मला कळलं, आणि मला कळलेलं कुणाला कळू द्यायचं नाही हेही त्याच क्षणी कळलं. रंजना माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे इतकं कटाक्षाने बघत नव्हती, की एखाद्याला शंका यावी. भारतीताईंनी बशी खाली ठेवली. "अशा गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं," त्या म्हणाल्या, "एकामागून एक फिट येऊ शकतात. जिवावर बेतू शकतं." आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. "नियम तुमचा आहे, ऐकलेलं घरच्यांना सांगायचं नाही. ठरवा काय करायचं. पण आज ठरवा. उद्यापर्यंत ती मुलगी गोळ्या घ्यायला लागली नाही, तर डॉक्टर म्हणून मी रंजनाकडून पत्ता घेऊन स्वतः तिच्या घरी जाईन, मग तुमचा नियम राहो की जावो."

गिरीश उसळून म्हणाला, "ठरवायचं काय त्यात? तिच्या आईवडिलांना सांगायचं. जीव मोठा की नियम मोठा?" रंजना म्हणाली, "माज्या शब्दावर ती बोलली. उद्या कोन बोलंल आपल्याशी?" कुणी म्हणालं बाईंनीच जावं, कुणी म्हणालं निनावी पत्र टाकावं. सगळे एकदम बोलत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मला गिरीशचं पटत होतं. तिथून उठावं, स्टेशनवर पळत जावं, घरी जाऊन आईला सांगावं, असं मला वाटत होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर आईचा चेहरा येत होता: बघायला येणार त्याच्या आठवडाभर आधी, कोळशेतच्या एका मुलीला आपल्या घरातलं 'ते' माहीत झालंय, ठाण्यातल्या एका माडीवर सगळ्यांना माहीत झालंय, हे ऐकताना आई कशी दिसेल. मी म्हणाले, "तिलाच विचारायचं. रंजनाने आजच परत जायचं, बाईंनी सांगितलेला धोका तिला सांगायचा, आणि घरी कुणी सांगायचं ते तिने ठरवायचं." सगळ्यांना ते पटलं. भारतीताई म्हणाल्या, "बरोबर." त्यांनी 'बरोबर' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण मी ते प्रमुख म्हणून म्हणाले, की घरातली झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून म्हणाले, की ताईच्या बाजूने म्हणाले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज साठी आली, अजूनही कळलेलं नाही.

त्यानंतरचा प्रवास आठवला की मला हसू येतं. मी आणि रंजना ठाण्याहून एकाच गाडीने निघालो. डोंबिवलीला मी उतरले, तीही उतरली. मी विचारलं, "तू इकडे कुठे?" ती म्हणाली, "काम हाय माजं." "कुणाकडे?" "ते सांगायचं नाय ना. रूल तुजाच." पुलावरून दोघी चाललो, भाजीवाल्यांमधून चाललो, माझ्याच रस्त्याला वळलो. आमच्या इमारतीशी आल्यावर मी म्हणाले, "बरं, मी जाते घरी." ती म्हणाली, "जा." आणि माझ्यामागून त्याच जिन्याने वर यायला लागली. पहिला मजला, दुसरा मजला. मी थांबले की ती थांबायची आणि चपलेचा अंगठा नीट करायची. आमच्या दाराशी आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू गच्चीवर जा गो," ती म्हणाली.

मी गेले. आपल्याच घरातलं, आपल्या सख्ख्या बहिणीचं, आणि आपण गच्चीवर. मला रंजनाचा असा राग आला की काय सांगू, आणि नियमाचा, आणि भारतीताईंचा. ही कसली प्रमुख, जिला सगळ्यांत शेवटी कळायचं? खाली दूधवाल्याची घंटी वाजली, बर्वेकाकूंनी कुणाला तरी हाक मारली, आणि मी कान देऊन फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होते, की रेडिओ मोठा होतो का. झाला नाही. रंजना वर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "माजं काम झालं. खायला काय हाय?"

मी घरात गेले तेव्हा शुभाताई मोरीपाशी उभी राहून पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेत होती. माझ्याकडे बघत, सावकाश, मला दिसावी अशी. पुढे भारतीताईंच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तिची गोळी हळूहळू बदलली आणि हिरड्यांची सूजही उतरली, पण ते नंतरचं. तेव्हा ती फक्त म्हणाली, "घरी मी सांगेन. कधी ते मी ठरवेन. तू मध्ये पडू नकोस." मी म्हणाले, "मी कुठे काय?" ती म्हणाली, "तेच म्हणतेय."

मला वाटलं ती आईला सांगेल. ताईने ठरवलेली वेळ निराळी होती. रविवारी बघायला आले ते लोक कल्याणचे, सालस, मुलगा सरकारी नोकरीत, बरोबर आईवडील आणि एक आत्या. पोहे झाले, वर खोबरं-कोथिंबीर, आईने ठेवणीतल्या बश्या काढल्या होत्या. ताईने खाली मान घालून ट्रे फिरवला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं ठरल्याप्रमाणे. मग आत्याबाई रीतीप्रमाणे हसून म्हणाल्या, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे हो, आता पूर्वीसारखं राहिलं नाही." या प्रश्नाला आमच्यात 'काही नाही' असंच उत्तर द्यायचं असतं. शुभाताईने मान वर केली.

"विचारायचं नाही, सांगायचंय," ती म्हणाली. "मला फिट येतात. लहानपणापासून. गोळ्या चालू आहेत. मध्ये मी बंद केलेल्या, हसताना बरी दिसावी म्हणून. आता परत चालू केल्या."

बाबांच्या हातातला चमचा बशीवर वाजला. आणि आई उठली. ती आता काय करणार ते मला कळेना. ती सरळ रेडिओपाशी गेली आणि तिने कळ पूर्ण पिरगाळली. कुणी पडलं नव्हतं, कुणाला काही झालं नव्हतं. भाताच्या रोपांवर पडणाऱ्या किडीविषयी एक माणूस घरभर ओरडून सांगायला लागला. पाहुणे रेडिओकडे बघत होते, आई भिंतीकडे बघत होती, आणि तो माणूस पाण्यातून कोणतं औषध किती फवारायचं ते सांगत होता. मुलगा काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. शुभाताई उठली, आईचा हात कळीवरून अलगद बाजूला केला आणि रेडिओ बंद केला. "काय म्हणालात?" तिने मुलाला विचारलं. तो म्हणाला, "नाही, डॉक्टर काय म्हणतात असं विचारत होतो." तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माणूस बरा होता. पण आत्याबाईंनी पदर सावरला होता आणि निरोप काही आला नाही.

आई ताईशी कितीतरी दिवस बोलली नाही. पानात मात्र तिच्या आवडीचं वाढत राहिली, न बोलता, जरा जास्तच तूप घालून. बाबा एकदा मला गॅलरीत म्हणाले, "हे तुमच्या पाहणीतून निघालं का?" मी म्हणाले, "माहीत नाही." आणि मला भारतीताईंची आठवण झाली. परवा शुभाताईला फोन करून मी हे सगळं लिहितेय असं सांगितलं. ती आता कल्याणलाच, पण निराळ्या घरी असते, नातवंडांवर खेकसते, गोळी वेळेवर घेते. म्हणाली, "लिही. पण हिरड्यांचं नीट लिही, लोकांना वाटेल मी वेडी होते."

आम्ही जे शोधायला निघालो होतो ते सापडलं का, हे मला विचारू नका. आमच्या प्रश्नांत अशक्तपणा होता, चक्कर होती, झोप, भूक, पाळी, सिगारेट, सगळं होतं. पण आमच्या घरातल्या आजाराचं खरं लक्षण त्यात कुठेच बसत नव्हतं. मी पुष्कळ दिवस ते मनात घोळवलं आणि एका सकाळी पाणी भरताना शुभाताईला विचारलं, की मी एक प्रश्न काढलाय, पण ज्याचा प्रश्न त्याने आधी स्वतः उत्तर द्यायचं असा आमचा नियम आहे, तर सांगू का? तिने बादली पूर्ण भरू दिली. मग म्हणाली, "सांग. आणि माझं नाव घालून सांग. त्या 'एक मुलगी आहे'चा मला कंटाळा आलाय."

पुढे त्या प्रश्नाला घराघरांतून काय काय उत्तरं आली. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे टेप, कुणाकडे भजनाची कॅसेट. एका घरी नुसताच नळ सोडून ठेवायचे. कोळीवाड्यात काही लपत नाही असं छातीठोक सांगणारी रंजनासुद्धा तिसऱ्या बैठकीला बोलली. पण ते सगळं त्यानंतरचं. त्या दिवशी माडीवर मी पुढे बसून प्रश्न वाचला: घरात कुणाला बरं नसलं आणि ते बाहेर कळू द्यायचं नसलं, तर तुमच्याकडे कशाचा आवाज मोठा करतात?

गिरीश म्हणाला, "हा काय आरोग्याचा प्रश्न झाला?" त्याने भारतीताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." रंजना माझ्याकडे बघत होती, या वेळी सरळ. "जिनं काढला तिनं पहिलं सांगायचं," ती म्हणाली.

मी सांगितलं, की आमच्याकडे रेडिओ. माझी बहीण शुभा, तिला फिट येतात. खाली गिरणी चालू होती. पुढच्या दोघातिघांपलीकडे कुणालाच काही ऐकू गेलं नसावं, कारण मागचे सगळे माना पुढे काढून बघत होते.

"मोठ्यानं सांग गो," रंजना म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.